भरपगारी रजा

डाव्या पायात बूट चढवून, नाडीला दुहेरी गाठ मारून झाल्यावर यतीनला आठवलं, की आज आपल्याला रजा आहे. उजव्या पायात नुसताच मोजा होता. अंगात काळी पँट, कंपनीचा शर्ट, खिशाला फोटोचं ओळखपत्रसुद्धा लावून झालेलं, म्हणजे एक बूट सोडला तर गडी कामावर पोचल्यातच जमा होता. तो पलंगाच्या कडेवर तसाच बसून राहिला आणि त्याला एकदम उडी मारावीशी वाटली. शाळेत कोणीतरी मोठं माणूस वारलं म्हणून सकाळीच सुट्टी जाहीर व्हायची, तेव्हा जे व्हायचं तेच. फक्त या वेळी कोणी वारलं नव्हतं. रजा होती, आणि भरपगारी होती. आपण इथे एका पायात बूट घालून बसलोय आणि या बसण्याचे पैसे आपल्याला मिळतायत, हा विचार त्याला इतका आवडला की त्याने तो पुन्हा एकदा केला. मग बूट न काढताच तो आडवा झाला आणि छताकडे बघून हसला. छताकडे बघण्याचेही पैसे मिळत होते.

मृदुला तोंडात ब्रश घेऊन दारात आली, नवऱ्याचा हा अवतार बघून परत वळली, चूळ भरून आली आणि मग मनसोक्त हसली. ती ऑकलंडच्या माउंट अल्बर्ट भागातल्या एका फार्मसीत नोकरीला होती, तिला पहिल्या वर्षापासून रीतसर रजा मिळत आल्या होत्या, त्यामुळे रजेचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. नवऱ्याला ते किती आहे, हे मात्र तिला पुरतं ठाऊक होतं. आठवडाभर तुला कोणी कुठे उभं करणार नाहीये, ती म्हणाली, तेव्हा तो बूट काढ आणि झोप. चहा घेऊन, डबा भरून, गाडीची किल्ली त्याच्यासाठी ठेवून ती बसने निघाली, आणि फाटकापर्यंत जाऊन परत आली. "आणि हे बघ, प्रसादचा फोन आला तर उचलू नकोस," तिने दारातूनच सांगितलं. "तू उचललास की संपलं." यतीन म्हणाला, कशाला उचलतोय मी. म्हणताना त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं.

प्रसादचा फोन न उचलणं ही गोष्ट यतीनच्या हातून आजवर एकदाही घडलेली नव्हती. दोघं एकाच वर्षी पुण्याहून ऑकलंडला शिकायला आले, सँडरिंगहॅममध्ये मिठाईच्या दुकानामागच्या एका खोलीत दोन गाद्या टाकून राहिले, एकाच बाकावर बसून बिझनेसचा डिप्लोमा केला आणि त्या डिप्लोम्याची सुरळी करून एकाच सिक्युरिटी कंपनीत लागले. प्रसादचे पाय लवकर दुखायला लागले, म्हणून तो आत जाऊन बसला; म्हणजे कुणाला कुठे उभं करायचं हे ज्या खुर्चीवरून ठरतं, त्या खुर्चीत. यतीन दारातच राहिला. बरीच वर्षं तो कॅज्युअल होता. कॅज्युअल म्हणजे कंपनी तुम्हाला कामाचा एक तासही देणं लागत नाही आणि तुम्हीही कंपनीचे बांधील नाही, असं करारात मोठं समसमान लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात फोनवर मेसेज यायचा, उद्या येतोस का, आणि दोनदा नाही म्हणणाऱ्याला तिसरा मेसेज येत नसे. यतीन कधी नाही म्हणालाच नाही. कॅज्युअलवाल्यांच्या रजेचे पैसे दर आठवड्याच्या पगारातच मिसळून मिळत, त्यामुळे कागदावर बघायला गेलं तर त्याला रजा मिळतच होती. फक्त ती वरणातल्या मिठासारखी पोटात जाऊन व्हायची आणि खाल्ली कधी ते कळायचं नाही. मध्ये एक वर्ष तो दुसऱ्याच एका कंपनीच्या नादी लागला. त्यांनी तासाचा दर चांगला देऊ केला आणि सांगितलं, तू आमचा नोकर नाहीस, तू कॉन्ट्रॅक्टर, तुझा तूच मालक. आईने ही बातमी चिंचवडच्या सगळ्या नातेवाइकांत पसरवली, की यतीनने तिकडे स्वतःचा धंदा काढलाय. वर्षभर यतीन एकटाच एक कंपनी होता. मालकही तोच, रखवालदारही तोच, टॅक्स भरणारा कारकूनही तोच, आणि तिघांपैकी कुणालाच रजा नव्हती. तो धंदा बुडाल्यावर त्याने एकदम दोन नोकऱ्या धरल्या, तर दुसऱ्या नोकरीवर सरकार जास्तीचा टॅक्स कापायला लागलं, जणू दुसरी नोकरी माणूस हौसेखातर करतो. कापलेलं पुढे परत मिळालं, पण त्या वर्षीची झोप काही परत मिळाली नाही. आणि मग गेल्या वर्षी प्रसादने त्याला कायम करून घेतलं. ठरलेले तास, ठरलेली जागा, आणि वर्ष भरलं की चार आठवड्यांची रजा.

ते वर्ष भरलं, तरी रजा मागायची कशी हे यतीनला कळेना. त्याने प्रसादला गाठून सांगितलं, मृदुलाच्या मावसबहिणीचं लग्न आहे, टौरांगाला जायचंय, आठवडाभर. प्रसाद हसला. अरे, इथे कारण सांगावं लागत नाही, तो म्हणाला, तुझी रजा आहे, तू घे. यतीनने मान डोलावली आणि तरीही लग्नाचा हॉल, मुलाकडची माणसं, जेवणाचा बेत, सगळं सांगितलं. कारणाशिवाय रजा मागणं म्हणजे कपड्यांशिवाय बाहेर पडण्यासारखं त्याला वाटलं. मृदुलाला एकही मावसबहीण नव्हती. आता तो त्या नसलेल्या लग्नाच्या दिवशी घरात एकटाच फिरत होता आणि आनंदाने त्याला एका जागी बसवत नव्हतं. त्याने भांडी घासली. शेगडीमागची चिकट फरशी पुसली. युनिफॉर्म धुवून दोरीवर घातला आणि वाऱ्यावर रिकाम्या बाह्या हलताना बघत उभा राहिला, आणि उभे राहिलो आहोत हे लक्षात आल्यावर मुद्दाम जाऊन पायरीवर बसला. शेजारच्या घरासमोर पोहुतुकावाच्या झाडाला लाल कळ्या धरल्या होत्या. हे झाड त्याने इथे राहायला आल्यापासून रोज पाहिलं होतं, पण नेहमी त्याच्याखालून गाडी काढताना. आता तो त्याच्याकडे नुसताच बघत होता. कुणाला तरी हे सांगितल्याशिवाय त्याला राहवेना, म्हणून त्याने चिंचवडला फोन लावला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं, पण अण्णा निवृत्त झाल्यावरही पहाटेच उठून बसत, हे त्याला माहीत होतं.

"अण्णा, आज मला रजा आहे," तो म्हणाला.

"बरं वाटत नाही का?"

"नाही, तसं नाही. नुसतीच रजा. भरपगारी."

पलीकडे अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांच्या मागे आईने गॅस पेटवल्याचा आवाज आला. "मग तुझ्या जागी कोण उभा आहे?" त्यांनी विचारलं. यतीन म्हणाला, काय माहीत, असेल कोणीतरी, ते कंपनी बघते. अण्णा नुसतं हं म्हणाले. ते हं यतीनच्या कानात राहिलं आणि फोन ठेवल्यावरही गेलं नाही. दिवसभराच्या आनंदात कुठेतरी एक खडा आला होता, आणि तो किती जुना आहे हे यतीनला चांगलं ठाऊक होतं.

कारण अण्णा बदली होते. चिंचवडच्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदारांच्या यादीत अण्णांचं तुकाराम हे नाव शेवटी होतं, आणि त्याच्यापुढे कायम ‘बदली’ लिहिलेलं असायचं. कायम रखवालदारांपैकी कोणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झालं, कोणी गावाला गेला, तरच अण्णांना दिवस मिळायचा. रोज सकाळी ते डबा घेऊन, खाकी कपडे घालून फाटकाबाहेर जाऊन उभे राहत. आतून हाक आली तर आत, नाहीतर परत. दुसऱ्यांच्या रजेवर यतीनचं घर चाललं. कुणाला ताप आल्याचं कळलं की आई हळहळायची आणि त्याच हाताने डब्यात एक भाकरी जास्तीची ठेवायची. लग्नसराईत तर त्यांच्या घरी सणासारखं वातावरण असे, दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं झाली म्हणून. अण्णांना स्वतःची रजा अशी कधी नव्हतीच. जे मुळातच दुसऱ्याच्या जागी उभे असतात त्यांच्या जागी कोण उभं राहणार? आजारी असले तरी ते फाटकावर जात. यतीनला हे सगळं आठवलं, पण दुःखाने नव्हे. उलट त्याला वाटलं, आपल्या घराण्यात आज पहिल्यांदा कोणीतरी रजेवर आहे, आणि ही गोष्ट एखाद्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभं राहून सांगावी. इतक्या खुशीत घरात बसवत नाही. त्याने पोहायचे टॉग्ज आणि टॉवेल पिशवीत कोंबले, पायात जँडल्स म्हणजे रबरी सपाता घातल्या, शॉर्ट्स चढवल्या, डोक्यावर टोपी ठेवली आणि पिहाच्या किनाऱ्यावर जायचं म्हणून गाडी काढली. लाटांत उभं राहणं हेही उभं राहणंच, पण तिथे कुणाच्या पिशव्या तपासाव्या लागत नाहीत.

पिहाला जाताना न्यू लिन लागतं, जिथल्या मॉलमध्ये यतीनची ड्यूटी असे. तो सरळ पुढे निघून गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रोजच्या सिग्नलपाशी गाडीने रोजचं वळण घेतलं आणि यतीनने तिला अडवलं नाही. नुसतं बघून येऊ, त्याने स्वतःला समजावलं. अण्णांनी विचारलंय, तर सांगायला पाहिजे. मॉलच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी गिऱ्हाइकांच्या रांगेत लावली, मुख्य दारातून आत शिरला, तशी त्याला पोरासारखी हुरहूर लागली, आपल्याच घरात चोरपावलांनी शिरल्यासारखी. तो राखत असे ते दुकान खालच्या मजल्यावर होतं. शॅम्पूपासून तंबूपर्यंत सगळं मिळणारं, दोन मोठ्या दारांचं. समोर एक बाक होतं. त्या बाकावर म्हातारी माणसं बसतात, नवरे बसतात, दमलेली मुलं लोळतात, हे यतीनने वर्षभर दारातून पाहिलं होतं, आणि त्या बाकावरून दार कसं दिसतं हे त्याला अजिबात माहीत नव्हतं. तो जाऊन बसला. ज्या जागेकडे पाहत त्याने वर्ष काढलं ती जागा बसायला इतकी साधी निघाली याचं त्याला थोडं हसू आलं.

दारात एक बाई उभी होती. टोंगन किंवा सामोअन असावी, पन्नाशीच्या आतबाहेरची, रुंद खांद्यांची, केसांत मागे एक पांढरं फूल खोवलेलं. अंगात कंपनीचं जॅकेट होतं, पण दोन मापं मोठं, आणि पँटचे पाय खालून दुमडलेले. ते जॅकेट यतीनने ओळखलं. म्हणजे नेमकं तेच नव्हे, पण ऑफिसच्या कपाटातल्या उरल्यासुरल्या कपड्यांतून कॅज्युअलवाल्यांना असंच काहीतरी मिळतं, आणि त्याने स्वतः कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या मापात काढली होती. तिच्या पायांशी भिंतीला टेकून एक कापडी पिशवी होती, पिशवीतून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याचं झाकण दिसत होतं. जेवण त्यातच असणार. यतीनने तो डबा पाहिला आणि पुन्हा पुन्हा पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की ती चुकीच्या जागी उभी आहे. तो नेहमी डाव्या दारापाशी उभा राहत असे, कारण तिथून कॉस्मेटिक्सचा कोपरा दिसतो. ही उजव्या दारापाशी होती. त्याला आधी राग आला. नंतर दिसलं की तिथून लहान मुलांच्या गाड्या ढकलत येणाऱ्या बायांना दार धरून ठेवता येतं, आणि ती ते धरत होती, आणि बाया थांबून तिच्याशी दोन शब्द बोलत होत्या. वर्षभरात यतीनशी कोणी थांबून बोललं नव्हतं. त्याला तिचा हेवा वाटला, मग कौतुक, मग पुन्हा हेवा, आणि या सगळ्याची त्याला इतकी गंमत वाटायला लागली की बाकावरून उठावंसं वाटेना. कॉफीच्या दुकानातली मुलगी त्याला रोज किया ओरा म्हणून नमस्कार करत असे. आज ती कचरा टाकायला बाहेर आली, त्याच्या टोपीवरून नजर फिरवून निघून गेली. युनिफॉर्म दोरीवर वाळत होता आणि यतीन कुणालाच दिसत नव्हता. दुकानाची मॅनेजर दोनदा दारापर्यंत आली, कपाळाला आठ्या घालून त्या बाईला काहीतरी दाखवून गेली, बहुतेक दाराच्या चौकटीतला चोरीचा अलार्म बंद कसा करायचा ते. तो अलार्म अडकतो. त्याला एका ठरावीक जागी कोपराने धक्का द्यावा लागतो, आणि ती जागा जगात फक्त यतीनला माहीत होती. त्याचं कोपर आपोआप हललं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. प्रसाद. यतीनने मृदुलाची आठवण काढली आणि फोन उचलला.

प्रसाद घाईत होता. "यत्या, लग्न कसं चाललंय?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुरू झाला. न्यू लिनला हीप्स ऑफ प्रॉब्लेम्स झालेत म्हणाला. मॅनेजर सकाळपासून तीनदा फोन करतेय, तिला यतीनच हवाय, अलार्म कुणाला जमत नाही, स्टाफची नावं कुणाला माहीत नाहीत. जी बाई पाठवलीय ती बरी आहे, सेला नाव, पण कॅज्युअल. तिला आठवडाभराचं सांगितलंय खरं, पण कॅज्युअलचं काय, एक फोन केला की झालं, पाठवतो घरी. "तू उद्यापासून ये. नाहीतर आज संध्याकाळीच निघ तिकडून, टौरांगा काय लांब आहे. तुझी रजा कुठे जात नाही रे, मी सिस्टिममध्ये रिव्हर्स करतो, नंतर कधीही घे. तुझं एका पैचं नुकसान नाही." आणि मग तो मऊ आवाजात म्हणाला, "खरं सांग, तुला तरी तिकडे करमतंय का?"

यतीनला करमत नव्हतं, असं म्हणता आलं नसतं. पण प्रसादच्या शब्दांनी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे खरं. आपल्यावाचून एक दार अडलं आहे. एवढ्या मोठ्या ऑकलंडात, जिथे आपल्याला आजवर कुठल्याही दारावर कुणीही बदलून टाकू शकलं असतं, तिथे एक बाई तीनदा फोन करून म्हणते, मला यतीनच हवाय. इतकी वर्षं उभं राहिल्याचं हे बक्षीस होतं, आणि त्याला ते घ्यायचं होतं. हो म्हणायला तोंड उघडलं होतं त्याने. नुकसान कुणाचंच नव्हतं. प्रसादचं काम होत होतं, मॅनेजरचं होत होतं, रजाही शाबूत राहत होती. त्याची नजर समोर होती. सेलाने दार धरलं होतं आणि एका म्हाताऱ्याची काठी अडकली होती ती वाकून सोडवत होती. वाकताना तिचं मोठं जॅकेट कानापर्यंत वर आलं. आणि करमणं हा शब्द यतीनच्या डोक्यात फिरून फिरून एका सकाळपाशी जाऊन थांबला. तो शाळेला सुट्टी असल्याने घरी होता. शिर्के नावाचे कायम रखवालदार मुलीच्या बारशाला आठवड्याची रजा काढून गावाला गेले होते, आणि तो सगळा आठवडा अण्णांना मिळाला होता, सलग, हाक येण्याची वाट न बघता. आई दोन दिवस गाणी म्हणत होती. अण्णांनी शनिवारी जिलेबी आणायचं कबूल केलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा परत आले, डबा भरलेला, टोपी हातात. आईने विचारलं, काय झालं. अण्णा म्हणाले, शिर्के आले. का आले? तर म्हणे गावाला करमेना. यतीनला त्या वेळी आनंदच झाला होता, वडील भर दिवसा घरी म्हणून, तो त्यांच्या पायाला जाऊन बिलगला होता. अण्णांनी त्याला बाजूला केलं नाही, पण त्यांचा हात त्याच्या डोक्यावर आला नाही. दुपारी तो डबा घरातल्या सगळ्यांनी मिळून खाल्ला. शिर्के वाईट माणूस नव्हते. दिवाळीला फराळ पाठवत. त्यांचंही एका पैचं नुकसान झालं नव्हतं.

"यत्या, आहेस ना?"

"लग्न नाहीये," यतीन म्हणाला.

"म्हणजे? मोडलं की काय?"

"नव्हतंच. मृदुलाला मावसबहीण नाही. मी टौरांगाला गेलेलोच नाही, इथेच आहे. मी खोटं सांगितलं, कारण काहीतरी सांगायला पाहिजे असं वाटलं."

पलीकडे प्रसाद आधी हसला आणि मग एकदम खूश झाला, अरे मग तर बेस्टच, तासाभरात ये की. आयुष्यात यतीन प्रसादला पहिल्यांदाच नाही म्हणणार होता आणि त्याला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली, अगदी तिला चिकटून, सकाळपासूनचा तोच आनंद होता. "नाही येणार," तो म्हणाला. "मी रजेवर आहे. आठवडाभर. काही कारण नाही." अलार्मला डावीकडे, खालून वीतभर अंतरावर, कोपराने धक्का द्यायचा, एवढं सेलाला फोन करून सांग, असंही तो म्हणाला. आणि तिचा आठवडा तोडू नकोस. प्रसादनेही यादीच्या तळाशी वर्षं काढली होती, ती बहुतेक त्याला खुर्चीतून दिसली असावीत, किंवा नसतीलही. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे चालेल, असं शेवटी तो जरा नाराजीने म्हणाला. "तुझी रजा आहे, तूच मालक. ठेवतो तिला." आणि फोन बंद झाला.

यतीन हातात फोन घेऊन तसाच दाराकडे बघत बसला. घामाने टोपी ओली झाली होती. त्याला नाचावंसं वाटत होतं. दोन मिनिटांनी सेलाच्या खिशातला फोन वाजला, ती बोलली, मान डोलावत राहिली, मग दाराच्या चौकटीपाशी गेली, खालून वीतभर अंतर हाताने मोजलं आणि कोपराने एक धक्का दिला. अलार्मचा दिवा हिरवा झाला. ती स्वतःशीच हसली, आणि बाकावर यतीनही हसला, मोठ्याने. तेव्हा तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. पाहिलं आणि पाहतच राहिली. मग पिशवी पायाने आत सरकवून ती सरळ त्याच्या दिशेने चालत आली. ती का येते आहे हे कळायला यतीनला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा त्याचे कान गरम झाले. नव्या गार्डला पहिल्या दिवशी तो स्वतःच शिकवत असे: चोरायला आलेला माणूस वस्तूंकडे बघत नाही, तो गार्डकडे बघतो. आणि तासभर एक माणूस बाकावर बसून, टोपी पुढे ओढून, काहीही विकत न घेता, फोनवर कुठल्यातरी भाषेत बोलत, फक्त तिच्याकडे बघत होता.

"किया ओरा, ब्रदर," ती म्हणाली. आवाज गोड होता, पण पाय नीट रोवलेले. "कुणाची वाट बघतोयस?"

नाही, यतीन म्हणाला. खरेदी करायची आहे? तीही नाही. मग इथे काय करतोयस, तिने विचारलं. ती बरोबर तेवढ्याच अंतरावर उभी होती जेवढ्यावर उभं राहायचं असतं, हाताच्या टप्प्याबाहेर, अंग थोडं तिरकं. सांगून टाकणं सोपं होतं. मी इथलाच गार्ड आहे, ओळखपत्र घरी राहिलंय, तू माझ्या जागी आहेस. पण ते ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर काय येईल हे त्याला आधीच माहीत होतं. शिर्क्यांना फाटकातून आत येताना बघून अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं असेल ते. इतक्या वर्षांत तो चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, आणि आताही त्याला तो पाहायचा नव्हता. "काही नाही," तो म्हणाला. "मी रजेवर आहे."

सेलाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जँडल्सपासून टोपीपर्यंत. "छान," ती म्हणाली. "मग रजा दुसरीकडे जाऊन घे." आणि हात लांब करून तिने त्याला मॉलच्या बाहेरच्या दाराची वाट दाखवली. यतीन उठला. ती दोन पावलं मागे ठेवून त्याच्याबरोबर चालत आली, त्याने शिकवलं असतं तशीच, ना घाई ना धक्का, आणि बाहेरचं दार तिने त्याच्यासाठी धरून ठेवलं. उन्हात आल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. ती अजून काचेआड उभी होती, तो खरंच जातो की नाही याची खात्री करत. त्याने हात हलवला. तिने हलवला नाही.

गाडीत बसून त्याने काचा खाली केल्या आणि चिंचवडला फोन लावला. आता तिकडे सकाळ झाली होती, अण्णा चहा पीत होते. यतीनने त्यांना सगळं सांगितलं, प्रसादचा फोन, नसलेलं लग्न, अलार्म, आइस्क्रीमचा डबा, आणि तिने त्याला कसं बाहेर काढलं ते. शिर्क्यांचं नाव त्याने घेतलं नाही. मग फोनमधून एक बारीक खोकल्यासारखा आवाज आला आणि तो वाढत गेला, आणि यतीनच्या लक्षात आलं की अण्णा हसतायत. मागून आई विचारत होती, काय झालं, काय झालं. हसता हसता ते थांबले, त्यांनी घसा साफ केला आणि फाटकावरच्या जुन्या आवाजात विचारलं.

"तिचा आठवडा पुरा भरेल ना रे?"

"भरेल, अण्णा," यतीन म्हणाला. "मी पिहाला चाललोय."